तळ्याला नावं ठेवणारं गाव

खूप खूप वर्षांपूर्वी, राजे होते आणि त्यांच्या राजधान्यांना तट होते, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका राजधानीपासून कोसभर अंतरावर एक गाव होतं आणि गावाला लागून एक तळं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी ते मांडी घालून बसल्यासारखं पसरलं होतं. पावसाळ्यात टेकडीवरून धावत येणारं पाणी ते पोटात घ्यायचं आणि उन्हाळाभर आसपासच्या विहिरींना थोडं थोडं पाजायचं. पूर्वेच्या कोपऱ्यात कमळं फुलायची. थंडीत दूरदेशीची बदकं उतरायची. काठच्या मातीचं मडकं टिचकी मारली तर घंटेसारखं वाजायचं.

एवढं असूनही गावातलं कोणी त्याला तळं म्हणत नसे. लहानथोर सगळे म्हणत, "डबकं."

हसू नका. त्या गावाची तशी रीतच होती. ज्याच्यावर जीव आहे, त्याला चांगलं म्हणायचं नाही. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. म्हणून नवसाने झालेल्या मुलाचं नाव दगडू ठेवायचं. दोन्ही वेळा चरवी भरून दूध देणाऱ्या म्हशीला "मेली भाकड" म्हणायचं. गुणी सून घरात आली की सासूने चारचौघींत कपाळाला हात लावायचा, "काय बाई हे ध्यान आमच्या पदरात पडलं!" सून मनातून खूश व्हायची. शिवी जेवढी मोठी तेवढी माया मोठी. तुमच्याआमच्या घरांतही अशी माणसं आहेत, फक्त ती कबूल होत नाहीत.

या विद्येत सगळ्यांत पटाईत होती केराआजी. तिचं नावच बघा. तिच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून आईने तिला जन्मताच सुपात घालून केरावर ठेवलं, लगेच उचललं आणि नाव दिलं केराबाई. ती जगली ती अशी जगली, की सत्तरी उलटली तरी तिच्या तोंडाला लागायची गावात कोणाची छाती नव्हती.

रोज सकाळी ती तळ्यावर जायची. काठावरचा कचरा वेचायची. भाजीपुरती कमळकाकडी काढायची, त्याहून एक काडी जास्त नाही. उन्हाळ्यात गाळ उपसायची वेळ आली की घराघरांत शिरून माणसांना बाहेर काढायची. आणि हे सगळं करताना तळ्याला तोंडभर शिव्या द्यायची.

"मुडद्या, यंदाही आटला नाहीस होय?" असं तिचं ओरडणं ऐकू आलं की गाव समजायचं, आज आजी खुशीत आहे.

इकडे राजधानी वाढत होती. तटाच्या आत माणसं मावेनात. राजाने वेशीबाहेर नव्या पेठा वसवायला घेतल्या. काल जिथे जोंधळा डोलत होता तिथे आज गल्ली पडत होती, उद्या गल्लीला दुसरी गल्ली फुटत होती. पहिली पेठ विणकरांची. ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला येऊन टेकली. गावाने त्या लोकांकडे बघून नाक मुरडलं. पेठेतल्या लोकांनीही गावाकडे पाठ केली आणि चुलीतली राख, सुताचे गुंते असलं सगळं तळ्यात टाकायला सुरुवात केली. केराआजी अलीकडून हात वर करकरून ओरडायची. पलीकडे तिचं ओरडणं पोचायचं, शब्द पोचायचे नाहीत.

मग दुसऱ्या पेठेसाठी जागा शोधत राजाचा मोजणीदार आला. हातात साखळी, कानावर बोरू. तळ्यापाशी येऊन तो थबकला आणि बघतच राहिला.

"आजी, या जागेला काय म्हणतात?"

केराआजी लगबगीने त्याच्या आणि तळ्याच्या मध्ये येऊन उभी राहिली. परका माणूस, आणि नजर अशी तळ्यावर खिळलेली! आता काही खरं नाही.

"जागा कसली डोंबलाची? डबकं आहे ते," ती म्हणाली. "चिखल, डास आणि बेडूक. बघत काय राहिलास? डोळे येतील."

"पाणी पितं का कोणी?"

"म्हशी पितात. त्यासुद्धा नाक मुरडून."

तोवर गावकरी गोळा झाले होते. आजी एकटीच तळ्याची राखण करते आहे हे बघून त्यांनाही चेव आला. कुंभार म्हणाला, "इथली माती हाताला लागली तर आठवडाभर वास जात नाही, साहेब." त्याची बायको म्हणाली, "या वासापायी आमच्या पोरींना स्थळं येत नाहीत." पाटील म्हणाले, "आमच्या गावाला लागलेला डाग आहे हा, डाग."

मोजणीदाराने मान हलवत सगळं लिहून घेतलं आणि तो निघून गेला. गाव एकमेकांकडे बघून गालात हसलं. केराआजीने तळ्याकडे तोंड करून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "वाचलास रे मुडद्या," ती म्हणाली आणि ताठ मानेने घरी गेली.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी आजी काठावर आली तर पूर्वेच्या अंगाला बैलगाड्यांची रांग लागलेली. गाड्यांत मुरूम भरलेला. तिच्या डोळ्यांदेखत पहिली गाडी उलटली आणि उमललेली कमळं मुरमाखाली गेली.

आजी धावली. या वयात कशी धावली, तिचं तिला माहीत. दुसऱ्या गाडीच्या बैलांपुढे जाऊन ती उभी राहिली. "खबरदार! कोणी सांगितलं रे तुम्हाला हे?"

गाड्यांचा मुकादम भला माणूस होता. त्याने पागोट्यातून हुकुमाचा कागद काढला आणि मोठ्याने वाचला, "'सदर ठिकाणी दुर्गंधीचे डबके असून ग्रामस्थ फार त्रासलेले आहेत. सबब ते बुजवून तेथे नवी पेठ वसवावी. माहिती देणार केराबाई, पाटील व समस्त गावकरी.'" मग तो कौतुकाने म्हणाला, "केराबाई म्हणजे तुम्हीच ना, आजी? पहिलं नाव तुमचंच आहे की!"

आजी बैलांपुढून बाजूला झाली आणि खाली बसली.

गावात हलकल्लोळ झाला. पाटील चार पोक्त माणसं घेऊन त्याच दिवशी प्रधानाकडे गेले. वाटेत चौघांनी त्यांना बजावलं, "पाटील, काय वाटेल ते बोला, पण चांगलं बोलू नका. आधीच साडेसाती लागली आहे."

"मला शिकवता काय?" पाटील म्हणाले आणि प्रधानापुढे हात जोडून उभे राहिले. "प्रधानजी, ते घाणेरडं डबकं तेवढं आमच्याकडे राहू द्या."

"का बरं?"

पाटलांनी डोकं खाजवलं. "आमच्या नशिबी आलंय. आम्ही भोगतो."

प्रधानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सोसाल, पाटील? महिन्याभरात बुजवणार होतो. आता जादा गाड्या लावतो. आठ दिवसांत मोकळे व्हाल."

पाटील परत आले ते तोंड लपवत. चावडीपुढे सगळा गाव बसला. कुंभार म्हणाला, "एकच उपाय आहे. राजापुढे उभं राहून कोणीतरी आपल्या डबक्याला..." त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "कोणीतरी त्याला चांगलं म्हणायला हवं."

"मग म्हण की तू!"

"माझ्या घरात लेकरंबाळं आहेत, बाबा!"

सगळ्यांच्या नजरा केराआजीकडे वळल्या. जे कोणाला जमत नाही ते आजी करते, अशी गावाला सवय होती. पण आजी उठली आणि तळ्याच्या दिशेने चालू लागली.

ती का उठली हे तिचं तिलाच ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिला एक मुलगी होती. सहा वर्षांची, धिटुकली, बडबडी. एकदा जत्रेत नवं परकर-पोलकं घालून पोर पुढे पुढे नाचत चालली होती. बघणारीने विचारलं, "कोणाची गं ही?" आणि केराबाई सगळी रीत विसरून बोलून गेली, "माझी! सोन्यासारखी आहे लेक माझी." महिन्याभरात तापाने पोर गेली. कोणी केराबाईला बोल लावला नाही. लावायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून तिने जगातल्या कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. जेवण चवदार झालं तरी म्हणायची, "गिळवत नाही." एक शब्द तोंडातून निसटला होता आणि घर रिकामं झालं होतं. आता तोच शब्द तळ्यासाठी काढायचा?

चालता चालता ती तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला आली. पेठ वसल्यापासून तिने त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. तिथे एक विणकरीण टोपलीतली राख पाण्यात ओतत होती. मंजुळा तिचं नाव. कडेवर वर्षाचं मूल होतं.

आजीला वाचा फुटली. "अगं ए! तुझ्या घरात उकिरडा नाही का? तळ्यात राख टाकायला लाज कशी वाटत नाही तुला?"

मंजुळा दचकली. मग तिनेही पदर खोचला. "मला काय म्हणून लाज वाटावी, आजी? तुम्हीच तर याला उकिरडा म्हणता. इथे राहायला आलो त्या दिवसापासून बाजारात तुमच्या गावच्या बायकांच्या तोंडून ऐकते आहे. घाणेरडं डबकं, मेलं डबकं, सडकं डबकं! आम्ही म्हटलं, इथल्या जुन्या लोकांना जे नकोसं आहे ते आपण कशाला जपायचं?"

आजीने पलीकडच्या काठावरच्या आपल्या गावाकडे वळून पाहिलं.

"खरं सांगू?" मंजुळा खालच्या आवाजात म्हणाली. "मला आवडतं हे. पोर रडायला लागलं की इथे आणून बसवते. पाण्याकडे बघत गप्प होतं. पण कोणाला बोलले नाही. तुम्ही सगळ्या हसाल, म्हणाल, बघा ही खुळी, डबक्याच्या प्रेमात पडली!"

केराआजी काठावर तिच्याशेजारी बसली. मग तिने त्या परक्या बाईला, जिच्या पेठेकडे ती आजवर नाक मुरडत आली होती, सगळं सांगितलं. रीत सांगितली. मोजणीदार सांगितला. आणि चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती ती जत्रेतली गोष्टही सांगितली.

मंजुळाने मूल आजीच्या मांडीवर ठेवलं आणि टोपली विसळता विसळता म्हणाली, "आजी, त्या वर्षी गावातली आणखी मुलं तापाने गेली होती का?"

"नऊ गेली."

"त्यांना कोणी सोन्यासारखं म्हटलं होतं?"

आजी आठवू लागली. एकाचं नाव धोंडू होतं. एकाला आई दिवसरात्र "काळतोंड्या" म्हणायची. एकीला तर आजीने स्वतःच्या तोंडाने "शेंबडी" म्हटलं होतं. सगळी सारख्याच तापाने गेली होती.

मांडीवरच्या पोराने तिच्या बांगड्या धरून ओढल्या. आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता. "शिव्यांनी कोणी वाचत असतं ना पोरी, तर हे तळं अमर व्हायला हवं होतं. इतक्या शिव्या जगात कोणाला मिळाल्या नसतील." ती उठली. "चल. तुझ्या पेठेतल्या बायाबापड्यांना बोलाव. मी माझी मेंढरं हाकून आणते. उद्या दरबार आहे."

दुसऱ्या दिवशी दरबारात निम्मं गाव आणि निम्मी पेठ उभी होती. गाव एका बाजूला, पेठ दुसऱ्या बाजूला आणि मधोमध केराआजी.

राजा म्हणाला, "बोला, आजी."

"महाराज, आमच्या गावाला एक डब..." आजी थांबली. कुंभाराच्या बायकोने डोळे मिटले. आजीने काठी घट्ट रोवली आणि ती म्हणाली, "तळं आहे. सुंदर तळं आहे."

गावाच्या बाजूने "अगं बाई!" असा उसासा निघाला. छत कोसळलं नाही. आजीने वर बघून खात्री करून घेतली आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. चाळीस वर्षं आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. कुठल्या महिन्यात कुठली पाखरं येतात, पहाटे पाण्यावर धुकं कसं फिरतं, वैशाखात गावच्या विहिरींना पाणी कुठल्या बाजूने पाझरतं, बारा वर्षांमागच्या दुष्काळात अकरा गावांची गुरं कोणी जगवली. "आणि महाराज, टेकडीवरचं पाणी काही तुमचा हुकूम वाचून वाट बदलणार नाही. आज ते तळ्यात उतरतं. तळं बुजवलंत, तर तुमच्या नव्या पेठेत उतरेल. लोकांच्या घरात, चुलीत, पाळण्याखाली."

प्रधानाने कागद पुढे केला. "महाराज, हीच बाई पंधरा दिवसांमागे म्हणाली होती की तिथे चिखल आणि डास आहेत."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "राजाच्या माणसाला खोटं सांगितलंत?"

"सांगितलं," आजी म्हणाली. तिची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली. "भीतीने सांगितलं. आमच्यात ज्याच्यावर जीव असतो त्याला नावं ठेवतात. दृष्ट लागू नये म्हणून."

राजाला गंमत वाटली. "असं? मग गावात मला काय काय नावं ठेवतात?"

आजीने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी जमिनीकडे पाहिलं.

"महाराज," आजी म्हणाली, "तुम्हाला आमच्यात आजवर कोणीही वाईट म्हटलेलं नाही."

दरबारी माना डोलावू लागले. राजा मात्र हुशार होता. त्याला क्षणभर लागला आणि मग तो असा हसला की मुकुट सावरावा लागला. हसू ओसरल्यावर तो गंभीर झाला. "पण आजी, काल एक बोललात, आज दुसरं. मी विश्वास कशावर ठेवू?"

तेव्हा मंजुळा पुढे आली. "महाराज, मी त्या गावची नाही. तुम्हीच वसवलेल्या पेठेतली आहे. आमच्यात अशी रीत नाही, आम्ही आहे ते सांगतो. यंदा शहरातल्या हौदांचा तळ दिसू लागला, पण आमच्या पेठेच्या विहिरीचं पाणी वाकून ओंजळीने घेता येत होतं. ती विहीर तळ्याच्या जिवावर आहे. आम्ही त्यात राख टाकत होतो, ही आमची चूक. कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं." तिच्यामागे पेठेतली माणसं एकेक करून बोलू लागली. ते ऐकून गावालाही धीर आला. कुंभार घाम पुसत म्हणाला, "माती... बरी आहे." मग छाती फुगवून म्हणाला, "माती उत्तम आहे!"

राजाने मोजणीदाराला विचारलं, "पावसाचं पाणी कुठे जातं, हे तू लिहिलं होतंस का?"

"माझ्या साखळीने जमीन मोजता येते, महाराज. पाणी मोजायचं मला कोणी सांगितलं नव्हतं."

राजाने हुकूम दिला. तळं बुजवायचं काम त्याच घटकेला थांबावं. नवी पेठ टेकडीच्या पल्याडच्या माळावर वसावी. पण पूर्वेच्या कोपऱ्यात जेवढा मुरूम पडला होता तेवढा तसाच राहील, कारण तिथे घरं मिळणार म्हणून काही कुटुंबं आधीच सामानसुमान घेऊन आली होती आणि त्यांना आता उघड्यावर टाकता येत नव्हतं.

"आणि खोटं बोलल्याची शिक्षा आहे," राजा म्हणाला. "यापुढे त्या बाजूला जो कोणी नवा राहायला येईल, त्याला गावाने तळ्याभोवती फिरवून आणायचं आणि तळ्याचं जे चांगलं आहे ते मोठ्याने सांगायचं. गाळ काढायला गाव आणि पेठ मिळून उतरायचं."

"शिक्षा भारी आहे, महाराज," पाटील कळवळून म्हणाले. "दंडुक्याचे फटके द्या त्यापेक्षा."

पण शिक्षा म्हणजे शिक्षा. पहिले काही दिवस फार हाल झाले. पाटील नव्या माणसांना घेऊन निघायचे आणि अर्ध्या वाटेवर घसा बसल्याचं सोंग करायचे. केराआजी मागून काठी टेकत यायची. "बोला, पाटील! जीभ झडत नाही!" हळूहळू जिभा सैल झाल्या. मग तर अशा सैल झाल्या की नवी माणसं म्हणू लागली, पुरे आता, आम्हाला घरी जाऊन चूल पेटवायची आहे.

पाऊस आला. टेकडीवरचं पाणी सवयीप्रमाणे खाली धावलं. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या नव्या घरांत ते गुडघाभर शिरलं. गावाने त्या लोकांना चावडीत आणून ठेवलं, आठ दिवस जेवू घातलं. तिथल्या भिंतींना पुढे कायम ओल राहिली आणि मुरमाखाली गेलेली कमळं पुन्हा कधी वर आली नाहीत. आजीने दोनदा दुसरीकडचे कंद आणून लावून पाहिले. रुजले नाहीत. जे गेलं ते गेलं.

बाकीचं तळं मात्र राहिलं. राजधानी वाढत वाढत टेकडीपलीकडे गेली, गाव आणि पेठ यांच्यातली सीमा कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. पण तळ्यावर पुन्हा गाडीभर मुरूम टाकायची कोणाची हिंमत झाली नाही. कारण आता काठाकाठावर अशी माणसं राहत होती, ज्यांना त्या तळ्याचं मोल ठाऊक होतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटत नव्हती.

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: जे आपल्याला जपायचं आहे त्याचं चांगलं चारचौघांत बोलावं, मनातल्या मनात ठेवलेली माया कोणाचंच रक्षण करत नाही.